फावडी तयार ठेवा!

१७ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामांनी ७८७ अब्ज डॉलरांच्या कायद्यावर सही केली, तेव्हा मी अमेरिकेतल्या एका लहान शहरात राहत होतो. रस्ते-पुलांच्या वाट्याला त्यातले सुमारे २७ अब्ज. कामे मात्र लगेच सुरू व्हायला हवीत. बेकारांच्या हाताला काम द्यायचे होते ना! आमच्या नगरसभेनेही अर्ज धाडला. पण पंगतीचा न्याय असा, की जो पान मांडून बसेल त्याला आधी वाढायचे. नकाशे तयार होते ते हमरस्त्याच्या डांबराचे. आमच्या गल्लीला पदपथच नव्हता. शेजारच्या आजीबाई मोटारी चुकवीत, काठी टेकत दुकानात जात. त्यांच्यासाठी नकाशा कुणी काढलाच नव्हता. हमरस्ता गुळगुळीत झाला. वाचकहो, पैसा आला की गरज धावत येते. तयारी मात्र आधीच पाटावर बसलेली असते!