एक कढई, दोन पेले पाणी

आम्ही दोघंही शिक्षक. एकाची शाळा शहापूर तालुक्यात, दुसऱ्याची मुरबाडकडे. घरी पोहोचेपर्यंत मगरिबची वेळ होते. त्यानंतर दोन तास शिजणारं सालन, वेगळा भात, पोळ्या आणि मागे उरलेला भांड्यांचा ढीग, हे सगळं रोज जमत नाही. त्यातही ती भांडी बहुतेक घरांत मुलीच्याच वाट्याला येतात. आमची मुलगी दहावीला आहे. म्हणून आठवड्यातून एकदा आम्ही एकाच कढईत मोठ्याचं मटण आणि नूडल्स करतो.

दुसरं कारण पाण्याचं. भातसा धरण आपल्याच तालुक्यात, तानसा तर 1892 पासून मुंबईला पाणी देतो, आणि एप्रिल-मे उजाडला की इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. पाकिटावरच्या रीतीने नूडल्स करायच्या तर दीड-दोन लिटर पाणी उकळा, नूडल्स निथळा, वरून पुन्हा गार पाणी ओता. एवढं पाणी मोरीत सोडायला हात धजत नाही.

इंग्रजी पाककृतीत याला स्टेक म्हणतात. राज्यात गाय कापता येत नाही, आणि 2015 च्या कायद्यापासून बैल, वळूही नाहीत. आपल्याला मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. ते चिवट असतं, म्हणून जाड तुकडा ठेवू नये. कसायाकडून रानाचं बिनहाडाचं पाव किलो घ्यावं, अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावं, म्हणजे सुरी सरळ चालते. मग धाग्याच्या आडव्या, पातळ चकत्या कापाव्यात. उभ्या कापल्या तर कितीही शिजवा, दातांत दोरेच येतात. अर्धा चमचा कच्च्या पपईचा कीस, लसूण आणि काळी मिरी चोळून वीस मिनिटं ठेवावं. पपई जास्त वेळ राहिली की मटणाचा लगदा होतो.

लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवावी. थोडं तेल घालून चकत्या थोड्या-थोड्या टाकाव्यात. एकदम सगळ्या टाकल्या तर पाणी सुटतं आणि मटण भाजण्याऐवजी उकडतं. दोन्ही बाजू नीट भाजून, आत लाली न ठेवता, ताटलीत काढावं. त्याच कढईत कांदा, कोबी, ढोबळी मिरची परतावी, दोन पेले पाणी ओतावं. तळाला चिकटलेलं सगळं सुटून त्या पाण्यात उतरतं. खरी चव तिथेच. उकळी आली की दीडशे ग्रॅम साध्या नूडल्स घालून झाकण ठेवावं. चार-पाच मिनिटांत पाणी जिरतं. मटण परत घालावं, सोया सॉस घालावा, मीठ चाखूनच. सॉस आधीच खारट असतो.

नूडल्स नसतील तर ईदच्या उरलेल्या शेवया चालतात, पण जाड्या. बारीक शेवयांची खीर होते, तीही तिखट.

दस्तरखानावर कढईच ठेवतो, सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतो. मुलगा आता कांदा चिरतो आणि कढईही घासतो, कुरकुरत का होईना. अम्मींना हे जेवण वाटत नाही. त्या वर लिंबू पिळतात, सकाळची पोळी मागून घेतात आणि पोळीबरोबर नूडल्स खातात.