दोन बोटं

दंतवैद्यांनी माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. एकोणीस वर्षांच्या खर्र्यातल्या सुपारीनं गालाची आतली त्वचा आवळत आणली होती.

त्याच दिवशी खर्रा सोडायची शपथ घेतली. संध्याकाळी राजापेठ चौकात गाडी नेहमीच्या टपरीपुढं थांबली. "भाऊ, नेहमीचाच ना?" पन्नीत खर्र्याची सुपारी, तंबाखू, चुना घोटल्याचा आवाज आला. पुडी हातात पडल्यावर शपथ आठवली.

शेवटी एका संमोहनतज्ज्ञांकडं गेलो. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शपथ घेणारा मेंदू वेगळा, गाडी थांबवणारा वेगळा." रोज तेच घडत गेलं की मेंदूच्या खोल भागातला बेसल गँग्लिया ते काम स्वतःकडं घेतो. चौक दिसला की हात चालतो, निकोटीन मिळालं की डोपामिन त्या वाटेवर शिक्का मारतं. विचार करायची गरजच उरत नाही.

श्याम मानव यांच्या कार्यशाळांमुळे स्वसंमोहन हा शब्द मला ठाऊक होता. पण संमोहन म्हणजे झोप, असंच वाटायचं. प्रत्यक्षात मी सगळं ऐकत होतो. श्वास संथ झाल्यावर संमोहनतज्ज्ञांनी मला मनानंच चौकात नेलं. पन्नीचा आवाज आठवला आणि खुर्चीत बसल्या जागी तोंडाला पाणी सुटलं. तिथं ना टपरी होती, ना खर्रा. माझी सवय मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसली. मग त्यांनी तोच चौक पुन्हा पुन्हा ओलांडायला लावला: खिशातली सोप, म्हणजे बडीशेप, तोंडात टाकायची, गाडी पुढं न्यायची.

"यात जादू नाही," ते आधीच म्हणाले होते. तंबाखू सोडवण्यात संमोहन इतर उपायांहून सरस असल्याचं संशोधनातून स्पष्ट झालेलं नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय रुळायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरतील असं दिसलं, कुणाला २५४ लागतील असं. म्हणून रोज रात्री पंधरा मिनिटं मी डोळे मिटून तो चौक ओलांडत राहिलो. दोनदा घसरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोप खिशात ठेवली.

दीड वर्ष झालं. तोंडात अजून दोनच बोटं जातात. आवळलेली त्वचा पूर्वीसारखी होत नाही. जुनी वाटही पुसली गेलेली नाही. पन्नीचा आवाज आला की आजही तोंडाला पाणी सुटतं. मी ते ओळखतो, सोप चावतो आणि बडनेरा रोडला लागतो.