उभा छेद

साच्याचं पोलाद तपासणं हा माझा पेशा. वाळूज-चिकलठाण्याच्या या शहरात, जिथे इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलेले हात साचे घडवतात, तिथे कामाला तोटा नाही. पूर्वी ठोकळा यायचा, सोबत त्याचं प्रमाणपत्र यायचं. आता साच्यात बसणारे काही भाग, म्हणजे इन्सर्ट, धातूच्या भुकटीतून, लेझरने थरावर थर वितळवून छापले जातात. त्यामुळे थंड पाण्याच्या वाटा साच्याच्या वळणाप्रमाणे वळवता येतात. सरळ चालणाऱ्या ड्रिलला ते जमत नाही. पण इथे वस्तू आणि तिचा धातू एकाच वेळी जन्माला येतात. भुकटीचं प्रमाणपत्र भुकटीपुरतंच राहतं.

म्हणून इन्सर्टसोबत त्याच प्लेटवर छापलेला चाचणीचा तुकडा मी मागून घेतो आणि थर चढत गेले त्या दिशेने त्याचा उभा छेद घेतो. बेकेलाइटमध्ये बसवून 220 पासून 1200 पर्यंत पेपर. प्रत्येक पेपरला नमुना काटकोनात फिरवायचा. आधीचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. शेवटी कापडावर एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट.

अ‍ॅसिड लावण्याआधीच पहिला फोटो काढतो, कारण अ‍ॅसिड छिद्रांच्या कडा खातं. छिद्र गोल असेल तर वायू अडकला किंवा ऊर्जा जास्त झाली. वेडंवाकडं, आडवं पसरलेलं, आत न वितळलेले कण असलेलं छिद्र म्हणजे थर जुळलेच नाहीत. याची मला जास्त धास्ती वाटते. त्याच्या टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो आणि पाण्याची वाट तिथून जवळच असते.

मग अ‍ॅसिड, म्हणजे नायटल. माशाच्या खवल्यांसारखे थर उमटतात. एकेक खवला म्हणजे लेझरच्या एका फेरीत वितळून गोठलेला धातू. आडव्या छेदात मात्र एकमेकांना छेदणारे पट्टे दिसतात. दिशा लिहिलेली नसेल तर फोटो वाचताच येत नाही.

हे इन्सर्ट ज्या मॅरेजिंग पोलादाचे छापतात, त्यात कार्बन जवळजवळ नसतोच. छापून आल्यावर रॉकवेल सी 35च्या आसपास असलेला कडकपणा 490 अंश सेल्सिअसवर सहा तास ठेवल्यावर 50च्या पुढे जातो. निकेल, मॉलिब्डेनम, टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण तो देतात. हा आकडा गिऱ्हाइकाला आवडतो. पण कडकपणा मोजणारी टोचणी भरीव जागी बसली, तर शेजारच्या न जुळलेल्या थराचा तिला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: छपाईच्या ऑर्डरमध्येच चाचणीच्या तुकड्याची जागा धरा. यंत्र, भुकटी किंवा लेझरचा वेग, यातलं काहीही बदललं की धातू नवा समजा आणि त्याचा छेद घ्या.