इन्स्पेक्टर झेंडे आणि आमचे आबा

'इन्स्पेक्टर झेंडे' हा चित्रपट मी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात पाहिला. तोही बाबांच्या मोबाईलवर, आबांच्या शेजारी बसून. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे दिल्ली पाहायला गेलो होतो. आबा म्हणजे माझे आजोबा. ते पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पोलिसांचा कुठलाही चित्रपट ते दहा मिनिटांत बंद करायला लावतात. हा मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

चिन्मय मांडलेकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आला. मनोज वाजपेयी यांनी मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे साकारले आहेत. गुन्हेगाराचे नाव चित्रपटात बदलले आहे, पण तो चार्ल्स शोभराज आहे हे कोणालाही कळते. चित्रपटात विनोद पुष्कळ आहे, हाणामारीही आहे. आमच्या वसतिगृहात मुलांना तीच जास्त आवडली. काही जण तर त्या गुन्हेगाराच्याच ऐटीत चालतात. ते मला पटत नाही. परदेशी प्रवाशांशी गोड बोलून, त्यांना गुंगीचे औषध देऊन लुटणारा आणि खुनाचे आरोप असलेला हा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी चाणक्यपुरीतून जाताना बाबांनी अशोक हॉटेल दाखवले. तिथल्या जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या दरोड्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शोभराजचे नाव आले होते. १९७१ मध्ये झेंडे यांनी त्याला मुंबईत पकडले होते. तो पुढे निसटला, १९७६ मध्ये दिल्लीत पुन्हा सापडला आणि तिहार तुरुंगात गेला. १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या निमित्ताने त्याने पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेली मिठाई वाटली आणि तो चक्क दारातून बाहेर पडला.

त्यानंतर २१ दिवसांनी, ६ एप्रिलला, झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो या उपाहारगृहात धरले. ही अटक कशी झाली ते वाचल्यावर मला चित्रपटापेक्षा ती जास्त आवडली. तिथून परदेशी फोन लावता येत असे, म्हणून शोभराज तिथे येईल असा झेंडे यांचा अंदाज होता. त्यांचे पथक साध्या कपड्यांत तिथे जाऊन बसू लागले. बसायचे, खायचे, दाराकडे पाहायचे. अखेर तो आला. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा झेंडे यांनी ओळखला आणि मागून जाऊन त्याला मिठी मारावी तसे पकडले. बांधायला उपाहारगृहातूनच दोरी मागून घेतली, असे झेंडे यांनीच सांगितले आहे.

आमच्या वर्गातला एक जण म्हणतो, यात झेंडे यांचे काय विशेष, त्याला सापडायचेच होते. थायलंडमध्ये त्याला मृत्युदंडाची भीती होती, आणि पळून जाण्याची शिक्षा मिळाली तर भारतातला मुक्काम वाढणार होता. तसे झालेही. तो १९९७ पर्यंत इथल्या तुरुंगात राहिला. मी हे आबांना सांगितले. ते म्हणाले, "सापडायचं होतं तर तिहारच्या फाटकातच थांबायचा की. गोव्यापर्यंत कशाला गेला?"

शोभराजवर पुस्तके निघाली, परदेशात मालिका झाली. ओ कोकेरोमध्ये त्याचा खुर्चीत बसलेला पुतळाही बसवला गेला आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढू लागले. पकडणाऱ्यावर चित्रपट यायला ३९ वर्षे लागली. झेंडे यांच्याबरोबर त्या टेबलांवर बसलेल्या पोलिसांची नावे आमच्यापैकी किती जणांना सांगता येतील?

मी आबांना विचारले, तुम्ही असे कधी बसला होतात का? त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका घरफोड्यासाठी ते चार रात्री एसटी स्टँडवर भुईमुगाच्या शेंगा विकत बसले होते. चोर तिकडे फिरकलाच नाही, दुसऱ्याच गावात सापडला.

"मग तुमचं नाव कुठेच आलं नाही?"

"आलं ना, स्टेशन डायरीत," आबा म्हणाले. "आणि शेंगांचे सत्तावीस रुपये झाले होते, तेही जमा केले."