पेन्सिलीची फुली

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, भिशीचा नंबर. सगळं ठळक पेनानं. एका चौकोनात मात्र पेन्सिलीची बारकी फुली, जिची तिलाच कळेल अशी.

आजीचा हिशेब तिथीचा. ‘संकष्टीला बाजूला बसलो हुतो,’ म्हणायची. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, तिची पाळी अठ्ठावीसची. म्हणजे दर खेपेला दीड दिवस अलीकडे. तीन खेपांत संकष्टीवरनं पुनवेवर! तिला हे कागदावर न मांडताही येत होतं. पण ती मोजायची देवघरासाठी, स्वतःसाठी नव्हे. याचं मला अजून वाईट वाटतं.

मोजणी रक्त दिसल्याच्या पहिल्या दिवसापासून. पाळी संपल्यापासून मोजणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. २१ ते ३५ दिवसांत आली तर ठीक. नुकत्याच वयात आलेल्या पोरींचं ४५ पर्यंतही चालतं.

‘चौदावा दिवस’ सगळ्यांच्या तोंडी आहे. खरं तर बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. जपानच्या डॉ. ओगिनोंनी १९२४ मध्येच हे मांडलं. पस्तीस दिवसांचं चक्र असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. लांबतो तो बहुतेकदा बीज सुटण्याआधीचा टप्पा, आजारपणानं, काळजीनं.

गौरी-गणपती जवळ आले की मेडिकलमध्ये पाळी लांबवायच्या गोळ्या. थांबवल्या की दोन-तीन दिवसांत रक्त जातं. त्या महिन्याची फुली हिशेबात धरू नये. रक्तात गुठळी झालेल्या बाईनं तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीनं केली. ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळी म्हणजे खाडा. हे वाचल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शिरोळकडच्या फडावर शिबिरात मी नोंदवही घेऊन बसले होते. ‘शेवटची पाळी कधी?’ समोरची पोर गप्प. पाचटानं चिरलेले हात मांडीवर. मग म्हणाली, ‘गाव सोडलं त्याच्या आदल्या दिवशी.’ गाव कधी सोडलं? ‘भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.’ म्हणजे भाऊबीजेलाच. मोबाइलवर भाऊबीज काढली. ती बोटांची पेरं मोजत राहिली, मी तारखा. दोघींचा आकडा एकच आला: ६९.