गोलंदाजांची रांग

क्रिकेटच्या खेळात टाळ्या फलंदाजाच्या वाट्याला येतात आणि घाम गोलंदाजाच्या, असे मला पुष्कळ वर्षांपासून वाटत आले आहे. फलंदाज बाद झाला की सावलीत जाऊन बसतो. गोलंदाजाला मात्र षटकार बसला तरी पाठ फिरवून आपल्या खुणेपर्यंत चालत जावे लागते आणि पुन्हा तितक्याच वेगाने धावत यावे लागते. खेळ शिकावयास निघालेल्या बहुतेक मुलांना हाती बॅटच हवी असते, यात नवल ते काय?

कल्याणच्या तुषार देशपांडे यालाही बॅटच हवी होती. त्याचा जन्म १५ मे १९९५ रोजी कल्याणास झाला. सन २००७ मध्ये दादरच्या शिवाजी पार्क जिमखान्यात तेरा वर्षांखालील मुलांची निवड होती, तिला तो फलंदाज म्हणूनच गेला. पाहतो तो काय, पॅड बांधून उभ्या असलेल्या फलंदाजांची भली लांब रांग! गोलंदाजांची रांग त्या मानाने पुष्कळच आखूड. तेव्हा तो सरळ गोलंदाजांत जाऊन उभा राहिला. ही हकीकत त्याने पुढे स्वतःच सांगितली आहे. त्या आखूड रांगेतील मुलांची पारख करणाऱ्यांत पद्माकर शिवलकर होते, आणि त्यांनी या मुलाला निवडले.

शिवलकरांचे नाव आजच्या मुलांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून येथे थोडे थांबावे लागते. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारे हे मुंबईचे गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले. १९७३ साली मद्रासच्या चेपॉक मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, त्यात तामिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी त्यांनी बाद केले. एवढे असूनही भारताच्या वतीने एकही कसोटी सामना त्यांना खेळावयास मिळाला नाही. कारण त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात बिशनसिंग बेदी यांच्यासारखा त्याच जातीचा थोर गोलंदाज संघात होता. गुणाला संधी मिळतेच, असे आपण मुलांना सांगतो. शिवलकरांकडे पाहिले म्हणजे ते सांगताना माझी जीभ अडखळते.

आमच्या भागातील मुलांना संधीच्या आधी आगगाडी गाठावी लागते. ठाण्याला गाडी १८५३ साली आली आणि कल्याणला १८५४ साली. तेव्हापासून येथील माणसे पोटासाठी मुंबईस जात आली आहेत. त्यांच्याच गर्दीत खेळासाठी जाणारी मुलेही असतात. नावाजलेली मैदाने पडली दादरला, चर्चगेटला, आझाद मैदानाला. सकाळच्या लोकलमध्ये एक पाय टेकावयास जागा मिळत नाही, तेथे खांद्यावर माणसाएवढी पिशवी घेऊन शिरणाऱ्या मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, ते मी कित्येकदा पाहिले आहे. अजिंक्य रहाणे अशीच पिशवी घेऊन डोंबिवलीहून जात असे. शार्दूल ठाकूर तर पालघरहून येई, आणि पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते.

तुषार २०१६ साली मुंबईच्या रणजी संघात आला. २०१८ साली एकदिवसीय सामन्यांच्या विजय हजारे स्पर्धेत बिहारचा संघ अवघ्या ६९ धावांत आटोपला, तेव्हा २३ धावांत ५ बळी त्याचे होते.

पण गोलंदाजाची खरी ओळख त्याच्या चांगल्या दिवशी पटत नाही. मार्च २०२३ मध्ये आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात चेन्नई संघाने त्याला बदली खेळाडू म्हणून उतरविले. सामना चालू असताना खेळाडू बदलण्याचा नियम नवाच होता, आणि त्या नियमाने उतरलेला तो या स्पर्धेतील पहिला खेळाडू. मान मोठा, पण दिवस वाईट. ३ षटके आणि २ चेंडूंत त्याला ५१ धावा पडल्या. अखेरचे षटकही त्याच्याच हाती होते आणि सामना गेला. कोणाही नवख्याला लपून बसावेसे वाटले असते. तुषार पुढच्या सामन्यात पुन्हा धावत आला, त्याच्या पुढच्यातही आला. ती स्पर्धा संपली तेव्हा त्याच्या नावावर २१ बळी होते. अंतिम सामन्यात त्याच्या ४ षटकांत ५६ धावा झाल्या आणि बळी एकही मिळाला नाही. पण संघ विजेता ठरला. ज्या चेपॉकवर शिवलकरांनी १९७३ साली पराक्रम केला, ते मैदान पन्नास वर्षांनी या कल्याणकराच्या संघाचे घरचे मैदान होते.

बॅटची हौस मात्र तशीच राहिली असावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर रणजी स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध मुंबईचे ९ गडी ३३७ धावांवर बाद झाले, तेव्हा तुषार अकराव्या क्रमांकावर खेळावयास आला. समोर दहावा फलंदाज तनुष कोटियन. डाव आता आटोपणार, असेच पाहणाऱ्यांस वाटले असेल. या दोघांनी २३२ धावांची भर घातली! तनुष १२० धावांवर नाबाद राहिला, तुषारने १२३ धावा काढल्या. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतक करावे, असे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यापूर्वी एकदाच घडले होते; १९४६ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी सरे संघाविरुद्ध ती करामत केली होती. त्या वर्षी रणजी करंडक मुंबईने जिंकला. कर्णधार डोंबिवलीत वाढलेला रहाणे, आणि चेंडू टाकणाऱ्यांत कल्याणचा एक व पालघरचा एक. लोकलच्या गर्दीची त्या करंडकात थोडी भागीदारी आहे, असे मला गंमतीने वाटते.

जुलै २०२४ मध्ये झिंबाब्वेतील हरारे येथे तुषारला भारताची टोपी मिळाली. त्या दौऱ्यात तो वीस षटकांचे दोन सामने खेळला. पहिला बळी त्याने यजमानांचा कर्णधार सिकंदर रझा याचा घेतला. ज्यांनी त्याला दादरच्या रांगेतून निवडले होते, ते शिवलकर तेव्हा हयात होते. ३ मार्च २०२५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.