पितळी पुंगळी

आमच्या देवघरात उदबत्तीसाठी एक पितळी पुंगळी आहे. बुडाशी 'के. एफ.' अशी अक्षरे. म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, स्थापना १८६९ ची. अप्पांनी तेथे जन्मभर काडतुसे मापली. ही पुंगळी त्यांना निरोपाच्या दिवशी मिळाली.

यंदा दिवाळीला टेक्सासहून भाचा आला. त्याला नेमबाजीचा नाद. उडवलेल्या पुंगळ्यांत तो घरीच पुन्हा दारू भरतो! फराळ करता करता सांगू लागला, "बार उडाला की पितळ फुगतं आणि त्या रायफलीच्या कोठीचा आकार घेतं. मी नुसती मान आवळतो, गोळी धरण्यापुरती. अंग कोठीत चपखल बसतं, गोळी नळीशी सरळ राहते." सबंध पुंगळी साच्यात फार दाबली, तर ती सैल बसते, आवळून-फुगून पितळ बुडाशी चिरते. (हल्ली कसलेले नेमबाज अंगही आवळतात म्हणे, पण केसभरच.)

अप्पांनी चकली मोडली. "आणि शेजारच्या शिपायाच्या रायफलीत ती गेली नाही तर?"

भाच्याच्या रायफलीला शेजारी नव्हता. तो थोडा वेळ गप्प बसला. "तिथं तुमचंच माप, आजोबा."

अप्पांनी चकलीचा दुसरा तुकडा त्याच्या ताटात टाकला.